इंदुबाईच्या पदरातली पावडर

नवरीचा मेकप कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी सांगते, "गणपतीच्या कारखान्यात." बाहेरच्या माणसाला वाटतं मी थट्टा करतेय. पेणच्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी मूर्ती रंगवतेय. आधी नुसती पितांबरं, मग दागिने, मग अंगाचा रंग, आणि हात बसला तेव्हा डोळ्यांची आखणी. देवाच्या पापण्या ओढता येतात तर माणसाच्या का येऊ नयेत, असं शेजारच्या अपेक्षाच्या लग्नात तिची मावशी म्हणाली आणि लगीनसराईत माझ्याकडे नवऱ्या यायला लागल्या. बाकीचं मी मोबाइलवर बघून बघून शिकले. सर्टिफिकेट नाही. विचारलंही नाही कुणी.

माझ्या सगळ्या नवऱ्या एका छापाच्या असायच्या, हे मला मान्य आहे. नवरीला काय हवं ते तिच्या आईला विचारायची पद्धत, आणि आईला एकच हवं असतं: पोरगी उजळ दिसली पाहिजे. मग मी उजळवायची. तोंड एका रंगाचं, मान दुसऱ्या. दोन्हीच्या मध्ये हार येतो, त्यामुळे भागून जायचं.

मग नम्रताचं लग्न ठरलं.

नम्रता वडखळच्या पुढे खाडीकडच्या एका गावात राहते, तिथल्या अंगणवाडीत पोरं सांभाळते. वय सत्तेचाळीस. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात ती आणि तिची सासू इंदुबाई. इंदुबाईंचा जन्म मिठागरात गेला आणि त्यातलं थोडं मीठ जिभेवर राहिलं. त्या माझ्या आईच्या गाववाल्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणते. तर या इंदुमावशींनी स्वतःच सुनेसाठी नवरा शोधला. रोह्याचा प्रविण, पन्नाशी ओलांडलेला, जवळच्या धाटावला कंपनीत शिफ्ट करणारा, बायको वारलेली, स्वभावाने गरीब. गावातल्या बायकांनी नळावर विचारलं, "सून देऊन टाकतेस, मग तुला कोन बघंल गो?"

"मना काय झालाय? माजे हातपाय हायत," इंदुमावशी म्हणाल्या. "तुमी तुमच्या सुना बघा. त्या तुमाला बघतात का ता आदी बघा."

नळावर मग पाण्याचाच आवाज राहिला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघी माझ्याकडे आल्या. नम्रता खुर्चीत बसली ती भिंतीकडे गाल करून. तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. डाव्यावर जास्त, वहीच्या पानावर चहा सांडावा तसा पसरलेला. ती कुठेही बसली तरी डावा गाल भिंतीला, खांबाला नाहीतर पदराला देऊन बसते.

"वनूताई, मला पांढरं करू नका," ती म्हणाली.

"बरं. मग काय करू?"

"तेच मला कळत नाहीये." ती बोटं मोडत बसली. "त्यांनी मला पाहिलंय. या वांगासकट. एक अक्षर बोलले नाहीत त्यावर. आता अंतरपाट खाली आला आणि समोर भलतीच बाई उभी, तर त्यांना वाटेल ही लपवते."

"मग काहीच नको लावायला."

"काहीच नाही लावलं तर मी मान वर करणार नाही. मी ओळखते ना मला. अंगणवाडीच्या सगळ्या फोटोंत माझा फक्त भांग दिसतो."

"भांग चांगला हाय तिचा," इंदुमावशी म्हणाल्या. "पन लगीन काय भांगाशी लावायचा?"

मला पहिल्यांदाच कुणी नवरीने स्वतःचं काम स्वतः सांगितलं होतं, आणि ते मला येत नव्हतं. त्या माणसाने तिला ओळखलं पाहिजे आणि तिने मान वर केली पाहिजे. माझ्या पेटीत तोंडावर थापायचा पॅनकेक होता, जाड फाउंडेशनच्या ट्यूबा होत्या, पण पांढरं करणं आणि काहीच न लावणं याच्या मधलं काही नव्हतं.

मी मुनीराला हाक मारली. मुनीरा आमच्या मागच्या घरात राहते, माहेर रोह्याचं. तिचा नवरा सईद कुवेतला असतो आणि तिथून येताना अत्तर, बदाम आणि तोंडाला लावायच्या वस्तू घेऊन येतो. ती हात पुसत आली, सगळं ऐकून परत गेली आणि दोन छोट्या चपट्या डब्या घेऊन आली. आत सुटी पावडर होती, मैद्यासारखी बारीक. एक गव्हाळ, एक जरा सावळी.

"मिनरल मेकप म्हणतात. खनिजं असतात गो, दळलेली," मुनीरा म्हणाली. "मातीच समज. हलकी असते, अंगावर हाय का नाय कळत नाय. थांब, मी दाखवते कशी—"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सईदची जेवणाची सुट्टी झाली होती. मुनीरा फोन घेऊन अंगणात गेली.

आणि मला माती म्हणाल्यावर थांबायची काय गरज होती? माती म्हणजे माझ्या घरचंच काम. मूर्तीचा नियम आहे: आधी सगळीकडून पांढरा हात द्यायचा, खालची माती कुठे म्हणून दिसता कामा नये. त्याशिवाय वरचा रंग खुलत नाही. मी सवयीने गव्हाळ डबी उचलली, म्हणजे दोहोंतली उजळ, ब्रश भरभरून घेतला आणि दिला पहिला हात. खालचं दिसत होतं म्हणून दुसरा दिला. नाकाच्या कडेला जरा राहिलं होतं म्हणून तिसरा. वांग गेला. त्याच्याबरोबर नाकपुड्यांची सावली गेली, ओठांची कड गेली, हनुवटीवरचा तीळ गेला. काम एकदम सफाईदार झालं होतं. फक्त आता डोळे आखायचे आणि मुकुट बसवायचा बाकी होता.

इंदुमावशी पुढे वाकून बघत राहिल्या.

"गो वनू," त्या शेवटी म्हणाल्या, "हिला लग्नाला न्यायची हाय का विसर्जनाला?"

नम्रता आधी हसली. ती हसली तशा पावडरीत बारीक बारीक रेघा उमटल्या, डोळ्यांच्या कडांना, तोंडाच्या कडांना. तिने आरसा घेतला आणि हसणं थांबलं. ती उठून मोरीवर गेली, खसाखसा तोंड धुतलं आणि पदराने पुसत बाहेर आली.

"मी अशीच जाईन," ती म्हणाली. "नका त्रास घेऊ तुम्ही."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, अर्थात मुनीराचा. चूक आपली असली की राग शेजारणीवर काढायला सोपा पडतो. मुनीरा आत आली, मोरीच्या कडेला गव्हाळ पाणी पाहिलं, नम्रताचं लाल झालेलं तोंड पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगो, मी दोन मिनटं भायेर गेले तर तू प्लास्टर मारलंस? अर्धी डबी संपवलीस!"

"तूच माती म्हणालीस."

"माती म्हणाले, भिंत म्हणाले काय? बस खाली. तू बस. तिला नको आता, तुझ्यावरच दाखवते."

अशी मी माझ्याच खुर्चीत बसले. नवऱ्या जिथे बसतात तिथे बसल्यावर तोंडाचं काय करायचं ते कळत नाही. मुनीराने साधं क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन माझ्या तोंडाला चोळलं आणि म्हणाली, "आता चहा टाक."

"आता?"

"व्हय. क्रीम जिरायला पायजे. ओल्यावर पावडर टाकलीस तर थापा बसतात. भाकरी थापतेस काय?"

चहा झाला, पिऊन झाला. मग तिने सावळी डबी उघडली. झाकणात चिमूटभर पावडर काढली, इतकी की मला वाटलं चुकून सांडली. जाड्या ब्रशाने ती झाकणात गोल गोल घोळवली, ब्रश डबीच्या कडेवर टकटक आपटला, राहिलेलीसुद्धा झटकली, आणि मग माझ्या गालावर लहान लहान गोल फिरवू लागली. गालाच्या मधून बाहेर, कानाकडे, मग कपाळाला जाताजाता, नाकाला उरलंसुरलं.

"लागतच नाहीये," मी म्हणाले.

"लागतंय. बोलू नको."

"अजून एक हात दे, खालचं दिसतंय."

"दिसू दे ना! खालची तूच हायस." तिने ब्रश खाली ठेवला. "जिथं खरंच डाग हाय तिथं बारक्या ब्रशाने अजून जरा. बाकी सोडून द्यायचं."

नम्रता एव्हाना आपली खुर्ची ओढून जवळ आली होती. भिंत मागे राहिली होती, तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आरशात बघत होते. मी होते तीच होते. फक्त दुपारची झोप काढून उठलेली मी, जी मला लग्नानंतर फारशी भेटलेली नव्हती.

"लावलंय?" नम्रताने विचारलं.

"हिला लावलंय. मनापण लावलंय," मुनीरा म्हणाली. "रोज लावते. कधी कळलं तुम्हाला?"

इंदुमावशी उठल्या आणि मुनीराच्या नाकाला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. "आगो! मी समजत होतू तुजी कातडीच गुनाची हाय."

"सईदलापण तेच वाटतं," मुनीरा म्हणाली. "त्याला सांगू नका. डबी तोच आणतो, पन त्याला वाटतं मी बहिणीला देते."

नम्रता मोठ्याने हसली. मग आरसा उजेडाकडे धरून स्वतःचा गाल बघितला, डावा. "लग्नाच्या दिवशी रोह्याला असंच करा," ती हळूच म्हणाली. "पण थोडंच."

तिच्या रंगाला एकही डबी नेमकी जुळत नव्हती. एक उजळ पडे, एक राखाडी. इथे मात्र माझा कारखाना कामाला आला. दारात उजेडात उभं करून तिच्या जबड्याच्या कडेला दोन्ही लावून बघितल्या, उजळ कमी आणि सावळी जास्त असं मिसळत गेले, आणि एकदा अशी आली की लावलेली जागा सापडेना. तेवढी सगळी मिसळून एका डबीत भरली. डबीच्या तोंडावर भोकांची जाळी होती, ती मिसळताना काढली. ती परत बसवायची राहिली, हे मला नंतर आठवलं, आणि नको तेव्हा आठवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नितेशच्या गाडीतून आम्ही चौघी निघालो. नितेश हा इंदुमावशींचा भाच्याकडून नातू, गाडी त्याची, गाणी त्याची. नम्रताला साडी नेसवून, केस करून घेतलं होतं. तोंड रोह्याला पोचल्यावर करायचं ठरलं होतं, कारण वाटेत घाम येतो. वडखळचा नाका सुटला, नागोठणं मागे पडलं. इंदुमावशी लिंबू रंगाची नवी कोरी साडी नेसून मागे मधोमध बसल्या होत्या.

"बघू तरी ती माती कशी दिसते," त्या म्हणाल्या.

"रोह्याला गेल्यावर बघा, मावशी."

"रोह्याला गेल्यावर मना कोन विचारनार? मी नवरीची सासू. अशा बाईला मांडवात बसवतात का स्वयपाकघरात, ताच कुनाला म्हाईत नाय."

हे ऐकून डबी न देणारी बाई मला भेटायची आहे. मी दिली. त्यांनी झाकण फिरवून काढलं, आणि निडीच्या अलीकडे नितेशची गाडी एका खड्ड्यातून गेली.

धूर झाला. म्हणजे धूरच वाटला. तो खाली बसला तेव्हा इंदुमावशींचं नाक, भुवया आणि पुढचे केस नम्रताच्या रंगाचे झाले होते. डबी पालथी होती. नितेशने आरशातून बघितलं.

"आजी, लगीन तुजा हाय का काकीचा?"

कुणी हसलं नाही. नम्रता माझ्याकडे बघत होती, मी पेटीकडे. पेटीत माझा तो जुना पॅनकेक होता. नम्रतालाही तो दिसला. तिने मान खाली घातली, आणि डोक्यावरचा पदर डाव्या गालावर ओढून घेतला.

"राहू दे, वनूताई," ती म्हणाली. "नशिबात नाही."

"नशीब गेला खड्ड्यात!" इंदुमावशी ओरडल्या. "हलू नका कुनी. नितेश, गाडी सावकास. बघा हितं."

डबी हातातून सुटताना त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढे उचलून धरला होता. कुणी शिकवलेलं नव्हतं ते, मिठागरात जन्म काढलेल्या बाईचे हात ते, पडतंय म्हटल्यावर पसरणारच. त्या कोऱ्या, कोरड्या पदराच्या खोळीत पावडर पडली होती. अगदी दोन चमचे असेल. पण स्वच्छ, जशीच्या तशी.

"आता मना शिंक येतेय," इंदुमावशी म्हणाल्या.

"मावशी, नाही!" आम्ही तिघी.

"येऊ देत नाय. पन लवकर करा."

रोह्यापर्यंत असं जाणं शक्य नव्हतं. नितेशने गाडी निडीच्या स्टेशनाकडे वळवली. छोटं स्टेशन, गाडीची वेळ नव्हती, फलाटावर एक कुत्रा सोडून कुणी नाही. वारा पडलेला आणि शेडच्या कडेला असा स्वच्छ उजेड, की मूर्तीच्या डोळ्यांना मी तसल्या उजेडाची वाट बघत बसते. नम्रताला बाकावर बसवलं. इंदुमावशी तिच्यासमोर पदर पसरून उभ्या राहिल्या, कमरेत वाकून, श्वास रोखून. मुनीराने क्रीम लावलं.

"चहा नाही आता," मी म्हणाले.

"गप उभ्या राहू या. तेवढंच जिरेल," मुनीरा म्हणाली.

आम्ही गप उभ्या राहिलो. कुत्रा येऊन बसला. मग मी ब्रश इंदुमावशींच्या पदरात टेकवला, जेमतेम, घोळवला, झटकला आणि नम्रताच्या गालावर पहिला गोल फिरवला.

माझ्या हाताला दुसरा हात द्यायची केवढी घाई होती सांगू! हाताला वर्षानुवर्षं एकच माहीत, खालचं झाकायचं. पण मी गालाकडून कानाकडे गेले, थांबले, मागे सरकून बघितलं. डोळ्यांखालचा काळसरपणा निवळला होता. हनुवटीवरचा तीळ जागेवर होता. डाव्या गालावर वांग अजून जास्त होता, तिथे आखणीच्या बारीक ब्रशाने जरा टेकवत गेले, कडा मोकळ्या सोडल्या. तो गेला नाही. जायचा नव्हताच. सावली पडावी इतका राहिला. तिच्या गालावर ऊन आलं होतं आणि पावडरीच्या आतून तिचा स्वतःचा रंग चमकत होता.

मुनीरा तोंड उघडत होती, 'थांब' म्हणायला. त्याच्या आधी मी ब्रश खाली ठेवला. पदरात अजून पावडर होती.

"झालं?" नम्रताने विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

मुनीराने आरसा दिला. नम्रता बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान इकडे केली, तिकडे केली, डावा गाल, उजवा गाल.

"मीच आहे," ती म्हणाली.

"मग कोन असनार?" इंदुमावशी म्हणाल्या, आणि एवढा वेळ धरलेली शिंक त्यांनी अशी दिली की उरलेली पावडर, कुत्रा आणि मी तिघंही उडालो.

प्रविणच्या अंगणात मांडव होता, माणसं बेताची. प्रविणची आत्या धोंडुबाई दारातच उभी होती. तिने इंदुमावशींचा हात धरला आणि थेट नेऊन मांडवात पहिल्या खुर्चीवर बसवलं. मग नवरीला ओवाळलं, नीट निरखलं आणि माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "पेणवरून मेकपवाली येनार होती ना? आली नाय का?"

"नाही येऊ शकली," मी म्हणाले.

"बरा झाला. पोरगी अशीच चांगली दिसते."

मुनीराने मला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं.

भटजी घाईत होते, त्यांना दुसरं लग्न गाठायचं होतं. मंगलाष्टकं भराभर झाली, शेवटच्या अक्षता पडल्या, ताशा वाजला आणि अंतरपाट बाजूला झाला. मी खांबाला धरून उभी होते. नवरीच्या मेकपवालीचं काम इथे संपलेलं असतं, ती एव्हाना जेवणाची पंगत कुठे बसते ते बघत असते. मी नम्रताचा भांग बघत होते. भांगच दिसत होता. क्षणभर, आणखी क्षणभर. मग भांग मागे गेला, कपाळ आलं, डोळे आले, दोन्ही गाल आले. तिने मान वर केली होती, पुरी, आणि तोंड समोर होतं, कुठल्याही बाजूला नाही.

प्रविण हातात हार धरून उभा.

"हार घाला," भटजी म्हणाले.

तो हलला नाही.

"अहो नवरदेव, हार! मुहूर्त चाललाय."

"घालतो हो गुरुजी," प्रविण म्हणाला. त्याची नजर तिच्यावरून हलेना. "जरा बघू तर द्या माणसाला."

मांडव हसला. कंपनीतले त्याचे दोस्त शिट्ट्या मारायला लागले. नम्रता लाल झाली, ती लाली त्या पावडरीतून अशी वर आली की कुठल्या डबीतून आणता येणार नाही. पण मान तिने खाली घातली नाही.

"बघा," ती म्हणाली.

"बघ बघ, पोटभर बघ," पहिल्या खुर्चीपुढे अक्षतांना उभ्या राहिलेल्या इंदुमावशी ओरडल्या. "पन हार घाल आदी, माजे पाय दुखतात."